डावा कौल

गेल्या वर्षी जूनपासून आमच्या घरात सकाळी चहाच्या आधी लघवी तापायची. माझ्या आठ वर्षांच्या पोरीची. मी हायस्कूलात विज्ञान शिकवतो, त्यामुळं परीक्षानळी, चिमटा आणि स्पिरिटचा दिवा शाळेच्या प्रयोगशाळेतून घरी आणायला मला कुणाच्या हातापाया पडावं लागलं नाही. नळी तिरकी धरून वरचा भाग तापवायचा. निरोगी माणसाची लघवी तापवली तरी पाण्यासारखी स्वच्छ राहते. आमच्या पोरीची नासक्या दुधागत फुटायची. ओट्यावर एका बाजूला चहाचं आधण आणि दुसऱ्या बाजूला हे. माझ्या बायकोनं त्या वासानं चहा सोडला तो सोडलाच.

सुरुवात डोळ्यांपासून झाली. सकाळी उठली की पापण्या फुगलेल्या, दुपारपर्यंत उतरायच्या. मग पाय सुजले, शाळेच्या बुटात जाईनात. मग पोट. गावाकडं नेली तर माझ्या थोरल्या भावानं, म्हणजे आमच्या अण्णांनी, तिचे गाल चिमटीत धरले आणि म्हणाले, "बगा की, पोरगी कशी अंगात भरलीया. शेराचं पानी मानवलं हिला." सगळे हसले. मीही हसलो. पाण्यानं फुगलेल्या लेकराला बाळसं म्हणणारी माणसं माझीच, आणि त्यांच्या पंगतीत मीही बसलेला.

बेळगावातल्या मोठ्या दवाखान्यात लहान मुलांच्या किडनीच्या एक डॉक्टर आहेत. चाळिशीच्या, बोलायला थोड्या तुटक, मराठी कानडी वळणाची पण स्वच्छ. त्यांनी सांगितलं, हिच्या किडनीच्या गाळण्या सैल झाल्यात, अंगातलं प्रथिन लघवीवाटे चाललंय, म्हणून अंगात पाणी साठतंय. पांढऱ्या गोळ्या सुरू केल्या, जेवण अळणी केलं. बहुतेक मुलं या गोळ्यांनी बरी होतात म्हणाल्या. आमची झाली नाही. दोन महिने रोज सकाळी मी नळी तापवली आणि रोज ती फुटली.

ऑगस्टमध्ये डॉक्टर म्हणाल्या, "सर, आता बायोप्सी करायला पाहिजे. पाठीतून बारीक सुई घालून किडनीचा इवलासा तुकडा काढायचा आणि तपासायचा. बाहेरून बघितलं तर सगळ्या मुलांची सूज एकच दिसते. आत काय झालंय ते कळल्याशिवाय पुढचं औषध मी अंदाजानं देणार नाही. ती औषधं साधी नाहीत."

मी विचारलं, धोका किती. त्यांनी काही लपवलं नाही. भूल देऊ, सोनोग्राफीत बघत बघत सुई घालू. दुखेल थोडं. लघवीत एखाद दिवस रक्त दिसेल. क्वचित जास्त रक्त जातं, त्यासाठीच एक दिवस ठेवून घेतो आणि लक्ष ठेवतो. "किडनी जात नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही विज्ञानाचे सर, तुम्हाला काय सांगायचं."

खरंच, मला काय सांगायचं. दरवर्षी मी खाटकाकडून बकऱ्याची किडनी आणतो, दहावीच्या वर्गात उभी चिरतो आणि पोरांना दाखवतो, हे बाहेरचं आवरण, ही आतली नळी, आणि अशा लाखो गाळण्या ज्या डोळ्यांना दिसत नाहीत. पोरं नाक धरतात, मी त्यांना हसतो. लाखोंतल्या दहावीस गाळण्या तपासायला काढल्या तर किडनीचं काही बिघडत नाही, हे गणित मी फळ्यावर मांडून दाखवू शकलो असतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान. माझ्याच पोरीचं नाव निघालं तेव्हा मी म्हणालो, "दोन दिवस द्या. घरात विचारून सांगतो."

बायको दवाखान्याच्या जिन्यावरच थांबली. ती निपाणीची, कॅम्पातल्या एका शाळेच्या ऑफिसात कारकून आहे, कागद पुढं आला की त्याचा निकाल लावायची तिला सवय. म्हणाली, "घरात म्हंजे कुणाला? घरात मी हाय आन तुमी हाय. मी सही करा म्हणतोय."

आमच्याकडं बायकासुद्धा 'म्हणतोय' म्हणतात, आणि ती म्हणाली ते ठामच होतं. मी मात्र बघूया म्हणालो. बघूया हा शब्द आमच्या घराण्यात नाही म्हणायला वापरतात.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये विषय काढला. काढायला नको होता. मराठीचे सर म्हणाले, सुई लागली की किडनी आटत जाते, त्यांच्या साडूच्या गल्लीत एकाची तशी झाली. भूगोलाच्या बाई म्हणाल्या, तुकडा काढतात म्हणजे नक्की किती काढतात हे आपल्याला कोण सांगणार, हल्ली किडन्या विकतात. ही सगळी पदव्यांची माणसं, डब्यातली चटणी बोटानं चाटत माझ्या पोरीच्या किडनीचा निकाल लावत होती. शिसारी आली मला. पण उठून गेलो नाही. एकेकाचं ऐकत राहिलो, कारण सुई नको असं कुणीतरी म्हणावं हेच मला पाहिजे होतं. हे तेव्हा कबूल केलं नाही, आता करतो.

मग अण्णांना फोन केला. अण्णा जांबोटीच्या पुढं आमच्या गावात राहतात. वडील लवकर गेले, अण्णांनी स्वतःची शाळा सोडून भाताच्या शेतात राबून मला शिकवलं. त्यांच्यापुढं माझी जीभ आजही टाळूला चिकटते. ते म्हणाले, "देवीला इचारल्याबिगार आपल्यात गोठ्याला खांब रोवत न्हाईत. आन तू पोरीच्या पाठीत सुई रोवणार? गणपतीला ये. कौल लावू."

कौल म्हणजे देवीला प्रश्न विचारायचा आणि दोन पाकळ्या ओल्या करून मूर्तीच्या दोन खांद्यांवर चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आमच्याकडं लग्न, विहीर, जमिनीची वाटणी, बैलाची खरेदी, सगळं असंच ठरतं. मी लहानपणापासून बघत आलोय. माझी नोकरीसुद्धा उजव्या कौलानं लागली असं गावात मानतात, मी मुलाखत दिली ते कुणाच्या लक्षात नाही.

देवळात वीसेक माणसं जमली होती. पोरगी माझ्या मांडीवर. तिला धड मांडी घालून बसता येत नव्हतं, पोट आडवं यायचं. बाया येऊन तिच्या पायावर अंगठा दाबून बघत होत्या, खड्डा पडला की दुसरीला बोलावून दाखवत होत्या. भाकरीचं पीठ मळून झालं का बघतात ना, तसं. पोरीनं पाय तेवढा फ्रॉकखाली ओढून घेतला.

गुरवानं गाऱ्हाणं घातलं. "आई, तुज्या लेकराच्या पाठीत सुई घालून मास काढाय निघाल्यात. तुला मान्य आसंल तर उजवा दे, नसंल तर डावा दे."

आता हा प्रश्न विचारायची तऱ्हा बघा. 'लेकरू आजारी हाय, आत काय झालंय ते बघाय पायजे', असं विचारलं नाही. मास काढाय निघाल्यात, असं विचारलं. अशा प्रश्नाला देवीच काय, खाटीकसुद्धा नको म्हणेल.

आणि मी समोरच बसलो होतो. गुरवानं उजवी पाकळी तांब्यात बुडवून अंगठ्यानं दाबून बसवली. डावी नुसती बोटानं ओली करून टेकवली. त्यानं मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही, म्हातारा माणूस, हाताची सवय असेल. पण मला दिसलं. जिच्याखाली पाणी कमी ती आधी वाळणार आणि आधी सुटणार, एवढं कळायला नववी पास व्हावं लागत नाही, आणि मी नववीला शिकवतो. मी तोंड उघडून एवढंच म्हणायचं होतं, काका, डावी जरा नीट लावा. म्हटलं नाही. टक लावून डाव्या पाकळीकडं बघत राहिलो. ती पडली तेव्हा अण्णांनी हात जोडले, बाया पुटपुटल्या, आणि मला हायसं वाटलं. छातीवरचा धोंडा उतरला. देवीनं नाही म्हटलं, आता माझ्याकडं काय राहिलं?

छी. आज ते आठवलं तरी तोंड कडू होतं. देवीचा मला राग नाही, गुरवाचाही फारसा नाही. त्या हायसं वाटण्याची किळस येते.

बाहेर मांडवात जेवणं झाली. अण्णांनी पोरीच्या पानात पापड आणि लिंबाचं लोणचं वाढलं. "पोरीला अळणी घालून मारताव काय रं? एवढ्यानं काय हुतंय." बायको पान ओढायला गेली तर चार बायांनी तिला गप्प केलं. पोरीनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, खा म्हणून. दुसऱ्या दिवशी तिचे डोळे उघडेनात.

सुई नको म्हटल्यावर दुसरं काहीतरी पाहिजे. निपाणीकडं एका खेड्यात मुतखड्यावर आणि सुजेवर पाला देणारा एक माणूस आहे, तो अण्णांच्या ओळखीचा निघाला. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. दर रविवारी आम्ही पहिल्या बसनं जायचो. बायकोचं माहेर तिथंच जवळ, पण ती माहेरी तोंड दाखवायला तयार नसायची. तिथं अंगणात पन्नास माणसं बसलेली. पाला देणारा फाईल उघडायचा नाही, पोरीच्या जिभेकडं बघायचा, तंबाखूनं पिवळ्या झालेल्या हातानं बादलीतला हिरवा लगदा पिळायचा आणि बाटली भरून द्यायचा. कसला पाला विचारलं तर म्हणायचा, इचारलं की गुण जातोय. आणि मी, दहावीच्या पोरांना प्रत्येक बाटलीवर लेबल लावायला शिकवणारा, ती बिनलेबलाची बाटली पिशवीत घालून आणायचो.

त्या रसाला कुजलेल्या वैरणीचा वास यायचा. पोरगी ओकायची. बायकोनं दोनदा तो मोरीत ओतला, तेव्हा मी तिच्यावर ओरडलो आणि स्वतः पाजायला लागलो. नाक दाबलं की पोरगी तोंड उघडते. असं मी दोन महिने केलं. तिच्या नाकावर माझ्या दोन बोटांचे डाग राहायचे. त्याच बोटांनी मी शाळेत खडू धरायचो.

दवाखान्यात जायचं मी बंद केलं. डॉक्टर विचारतील, म्हणून. त्यांच्याकडून दोनदा फोन आला, मी उचलला नाही. पांढऱ्या गोळ्या तेवढ्या बायको जुन्या चिठ्ठीवर आणून देत राहिली. सकाळची नळी तापवायचीही बंद केली. बायको म्हणाली, "बघायचं न्हाय म्हटलं की दिसायचं बंद हुतंय व्हय?" त्यानंतर तिनं माझ्याशी बोलणं कामापुरतं ठेवलं.

नोव्हेंबरात एके दुपारी शाळेत तिचा फोन आला. पोरीला ताप भरलाय, पोटाला हात लावू देत नाही, मी रिक्षानं दवाखान्यात घेऊन आलोय. तास अर्धा टाकून मी गेलो तर पोरीला आत घेतलेलं होतं. पोटात साठलेल्या पाण्याला जंतुसंसर्ग झाला होता. अंगातलं प्रथिन वाहून गेलं की अंगाची लढायची ताकदही जाते, हे डॉक्टरांनी जूनमध्येच सांगितलं होतं. रक्तातलं क्रिएटिनीनही वाढलेलं, म्हणजे किडनीचं काम मंदावलेलं. आणि बाकावर माझी बायको बसली होती, मांडीवर फाईल. म्हणाली, "ताप उतरला की बायोप्सी करणार हाईत. मी सही केलोय."

बापाची सही लागते म्हणून मी तीन महिने मिरवत होतो. दवाखान्याला आईची पुरली. कुणी विचारलंसुद्धा नाही की बाप कुठाय.

तेवढ्यात अण्णांचा फोन आला, येतानाच मी त्यांना कळवलं होतं. परत कौल लावू म्हणाले, आता देवीचं मन फिरलं असंल. मी हां हां करत होतो. बायकोनं माझ्या हातातून फोन घेतला. तिनं लग्नानंतर कधी अण्णांसमोर आवाज चढवला नव्हता, आताही नाही चढवला. "अण्णा, देवीला आता तरास देऊ नगासा," म्हणाली आणि फोन माझ्या खिशात घातला.

संसर्ग उतरायला दहाबारा दिवस गेले, तोवर औषधं देऊन अंगातलं पाणीही उतरवलं. मग एका सकाळी बायोप्सी झाली. मी दाराबाहेर उभा होतो, मनात मराठीच्या सरांच्या साडूची गल्ली फिरत होती. बायको पोरीला झोप लागेपर्यंत आत होती. नंतर तिनं सांगितलं, पोटाखाली चादरीची गुंडाळी देऊन पालथी झोपवली, पाठीवर सोनोग्राफीचं यंत्र फिरवून किडनी कुठं आहे ते बघितलं, तेवढी जागा बधिर करायचं इंजेक्शन दिलं, आणि बायकोला बाहेर पाठवलं. ती बाहेर येऊन पाण्याची बाटली शोधून पाणी पिते तोवर डॉक्टर आल्या. झालं म्हणाल्या. मी विज्ञानाचा म्हणून त्यांनी मला बाटलीत बघू दिलं. शेवईच्या तुकड्याएवढे दोन धागे, गुलाबीसर. मी दोन महिने ज्याला घाबरून पोरीचं नाक दाबत होतो ते एवढंसं होतं.

दिवसभर तिला उताणी झोपवून ठेवली. नर्स सारखी येऊन रक्तदाब बघायची. प्रत्येक वेळची लघवी बाटलीत घेऊन खिडकीत ओळीनं ठेवली होती. पहिली गुलाबी, दुसरी फिक्या चहासारखी, मग पिवळी, संध्याकाळची स्वच्छ. पोरीला भुलीमुळं काहीच आठवत नव्हतं. दुपारी तिनं मला विचारलं, "पप्पा, कधी टोचणार हाईत?" मी म्हटलं, टोचून झालं. तिनं पाठीवर हात नेऊन पट्टी चाचपली आणि म्हणाली, "मग मला भूक लागलीया."

आठवड्यानं रिपोर्ट आला. डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावलं. पोरीला सांभाळायला कुणी नव्हतं म्हणून तीही आमच्यामध्ये खुर्चीवर बसली. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढलं. काही गाळण्यांवर वण पडलेत. हा असा आजार आहे की त्याला पांढऱ्या गोळ्या पुरत नाहीत, त्या आता कमी करत बंद करू, दुसरं औषध सुरू करू, त्यानं बऱ्याच मुलांना फरक पडतो. मग त्यांनी गाळण्यांच्या भोवती पेन्सिल फिरवली. म्हणाल्या, गाळण्यांच्या आजूबाजूलाही वण आहेत. ते आजाराचे असतील, बायकोनं दाखल करताना सांगितलेल्या त्या पाल्याच्या रसाचे असतील, कुठले कशाचे ते सांगता येत नाही. ते भरून येत नाहीत. जेवढं उरलंय तेवढं आपण सांभाळायचं.

"किती उरलंय?" बायकोनं विचारलं.

"आज चालवण्याइतकं आहे. पुढचं औषध सुरू केल्यावर बघू. ऑगस्टमध्ये केली असती तर हे औषध ऑगस्टमध्येच सुरू झालं असतं." त्यांनी फाईल मागं उलटली, स्वतःचं जुनं अक्षर बघितलं आणि मला विचारलं, "तीन महिने का थांबलात, सर?"

"रजा मिळाली नाही," मी म्हणालो.

इतक्या सहज म्हणालो की माझा मलाच विश्वास बसला असता. बायकोनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. चालताना चपलेला शेण लागलं की माणूस बघतो, तसं तिनं बघितलं.

"न्हाय," पोरगी म्हणाली. "देवीला विचारलेलं. देवी नको म्हणाली."

डॉक्टरांना नवल वाटलं नाही. आमच्या भागातल्या डॉक्टरांनी असे कौल पुष्कळ ऐकलेले असतात. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि पोरीलाच विचारलं, "आणि तुला? तुला कुणी विचारलं होतं का, करायचं का नाही?"

पोरीनं नाही म्हणून मान हलवली. मी आठवून बघितलं. देवीला विचारलं, अण्णांना विचारलं, मराठीच्या सरांना विचारलं, जिभा बघणाऱ्या त्या पिवळ्या हातांच्या माणसाला विचारलं. जिच्या पाठीत सुई जायची होती तिला मी एकदाही विचारलं नव्हतं.

"विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?"

पोरीनं चित्रातल्या गाळणीकडं बघितलं. सूज उतरलेल्या बोटानं तिनं तो कागद जरा स्वतःकडं ओढला.

"व्हय म्हणणार हुते," ती म्हणाली. "मला शाळंला जायचं हुतं. पण पप्पा लई भ्यालते. म्हणून गप बसले."

आठ वर्षांच्या पोरीनं तीन महिने माझी भीती अंगावर काढली होती.